गोड लागलेला गूळ

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकींनाही नाही. आज सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे, संताप आला म्हणून. परवा शेजारणीनं तिच्या नव्या सुनेला माझ्या पाया पडायला आणलं. म्हणे, सासऱ्याची सेवा कशी करावी ते या आजीकडून शीक. सेवा? अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. येडशीच्या डोंगराला लागून आमचं गाव. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, साखरेचा आजार जडला होता. लघवीला मुंग्या लागायच्या, पाणी कितीही प्यायले तरी तहान भागायची नाही. कळंबच्या हकिमांनी गूळ बंद केला आणि रोज सकाळी बेडकीचा पाला चावायला सांगितला. डोंगरात त्याचा वेल असतो. तो चावून वर गुळाचा खडा जिभेवर ठेवला, की गूळ चक्क माती लागतो. माती लागला, तर पाला खरा. आमच्याकडे रोज ही परीक्षा व्हायची. मामंजी तोंड वेडंवाकडं करून खडा थुंकायचे आणि मला हसू फुटायचं. आजार गेला नव्हता, पण तहान कमी झाली होती, ते शेतापर्यंत चालत जाऊ लागले होते.

पाला आणायचं काम माझं.

मग पंचमी आली. मला माहेरी, उमरग्याला जायचं होतं. मामंजी म्हणाले, "रस्ते बरे न्हाईत, पोरी. औंदा ऱ्हाऊ दे."

रझाकारांची धास्ती होती. मामंजींचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण मी धुमसत राहिले. दुसऱ्या दिवशी डोंगरात गेलेच नाही. कुंपणावरचा कसलासा पाला खुडला — शेळी खाते, म्हणजे विषारी नसणार, एवढंच पाहिलं — आणि त्यांच्या हातावर ठेवला.

भीतीपोटी केलं असेल, म्हणता? मुळीच म्हणू नका. लोक घरंदारं सोडून जात होते, त्यांची भीती खरी होती. मी फक्त रुसले होते. त्यांच्या भीतीआड मला लपवू नका.

मामंजींनी पाला चावला, खडा तोंडात टाकला आणि थांबले. डोळे भरून आले त्यांचे. "सूनबाई, पाला चावूनबी गूळ गोड लागला की गं. म्हंजे आजारच हटला. उतार पडला मला."

पाला चुकला, मामंजी — एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणाले? "व्हय मामंजी, उतार पडला."

घरभर आनंद झाला. नवऱ्यानं ढेप फोडली. मामंजी भाकरीबरोबर गूळ खाऊ लागले, आणि या पाल्यानंच गुण आला म्हणून पालाही रोज मागू लागले. मी पुन्हा डोंगरात गेले होते. खरा पाला खुडलाही होता. पण तो दिला तर गूळ परत माती लागणार, आणि माझं बिंग फुटणार — म्हणून तो तिथंच टाकला आणि कुंपणावरचाच पाला दिला. रोज.

पुढं मामंजींच्या पायात बाभळीचा काटा मोडला. जखम भरेना, पाय काळा पडत गेला. खऱ्या पाल्यानं ते वाचले असते का? कदाचित नसतेही. हा 'कदाचित' मी इतकी वर्षं तोंडात घोळवला. त्याची लाज वाटते. गूळ तर मीच खाऊ दिला ना त्यांना?

शेवटी त्यांनी खुणेनं गूळ मागितला. मी खडा जिभेवर ठेवला.

"गोड हाय," ते म्हणाले. "लई केलंस, पोरी."

सगळं घर ऐकत होतं. मी पदर डोक्यावर नीट घेतला.