वहिनीची घाई आणि कुत्र्याचा पास

माझ्या वहिनीला आवराआवरीचा भारी सोस. शेवटचा घास तोंडात असतानाच ती समोरचं ताट उचलते. दादा तर डाव्या हाताने ताट धरूनच जेवतो.

हीच वहिनी श्वानप्रदर्शनाच्या कचेरीत वेबसाइट सांभाळते. प्रदर्शनाच्या दिवशी मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले, तर टेबलासमोर दातांचे एक निवृत्त डॉक्टर घामाघूम उभे, आणि टेबलाखाली त्यांचा म्हातारा, जाडजूड कुत्रा गाढ झोपलेला.

"ताई, वेबसाइटवरचं बटण दाबून दाबून बोट झिजलं माझं! याचा प्रवेशाचा पास कुठाय? चारला फाटक बंद होतं. पुढच्या वर्षी वयामुळे याला घेणार नाहीत हो!"

पावणेचार झाले होते.

वहिनीने पडद्यात डोकं घातलं. "आलाय की पास! पण मागच्या दाराने."

"म्हणजे?"

"साधी लिंक दाबली की ब्राउझर फाइल घेऊन डाउनलोडच्या फोल्डरात ठेवतो. मी मात्र वेबसाइटचं पान हलू नये म्हणून पासाची फाइल पडद्याआडून मागवलीय. मग ब्राउझर ती पानाच्या हाती देतो आणि हात झटकतो. पान बसलंय धरून, घुम्यासारखं!"

"अहो, मग त्याला बोलतं करा!"

"करते. फाइलला तात्पुरता पत्ता द्यायचा, न दिसणारी एक लिंक बनवायची, ती आपणच दाबायची आणि मग पत्ता पुसून टाकायचा."

टकाटक टाइप करून तिने बटण दाबलं. पडद्यावर आलं : डाउनलोड फसलं.

"अरे कर्मा!" डॉक्टर खुर्चीत कोसळले.

मी विचारलं, "वहिनी, पत्ता कधी पुसतेस?"

"लगेच. लिंक दाबल्या दाबल्या."

"अगं बाई, ब्राउझर जेवतोय अजून! ताट काय ओढतेस?"

वहिनी गोरीमोरी झाली. "मग काय, मिनिटभर तो पत्ता तसाच लोळू देऊ?"

"लोळू दे!"

तिने कोडमध्ये पत्ता पुसण्याआधी एक मिनिटाची सवड घातली, बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. फाइल उतरली. प्रिंटर कुरकुरला. डॉक्टरांनी कागद ओढला आणि जी धूम ठोकली, ती थेट रस्त्यावर.

टेबलाखालून घोरण्याचा आवाज आला.

"अगं, कुत्रा!" वहिनी ओरडली.

पुढचे पाय मी धरले, मागचे तिने. धापा टाकत फाटकाशी पोचलो, तर डॉक्टर पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते.

"पास आहे ना माझ्याकडे!"

"आहे हो काका. पण प्रदर्शन कुत्र्यांचं आहे."

आम्ही कुत्र्याला पहारेकऱ्याच्या पायाशी ठेवलं. त्याने पासावरचा फोटो पाहिला, मग कुत्र्याकडे पाहिलं. "हा तर झोपलाय."

"फोटोत तरी तो कुठे जागा आहे?" वहिनी म्हणाली.

त्याने पुन्हा फोटो पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि फाटक उघडलं.