पट्टी काळी झाली नव्हती

आमच्या चर्चच्या मंडळीत पावित्र्याचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या तीन थांब्यांवरच थांबते: बायकांच्या बाह्या, मुलींचे मोबाईल आणि कोण कोणाच्या स्कूटरवर मागे बसलं. हे मी रागाने लिहितेय, आणि राग झाकायचा माझा विचार नाही. पावित्र्य म्हणजे काय ते मी व्यासपीठाकडे बघून नाही शिकले. मावशीकडे बघून शिकले.

माझी आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. ती रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण खोलीत कामाला होती. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे धुवायचे, ट्रेमध्ये रचायचे, कापडात बांधायचे आणि मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफेवर ठेवायचे. प्रत्येक ट्रेमध्ये कागदाची एक पट्टी असते. वाफ नीट लागली की ती काळी पडते. काळी झाली तरच रजिस्टरमध्ये सही करायची आणि ट्रे वर पाठवायचा. बावीस वर्षं तिने हे काम केलं.

घरात तिचा खरेपणा म्हणजे आम्हाला जाचच. एकदा खालच्या मजल्यावरची बडबडी शेजारीण दारात आली. मावशी मला आतून म्हणाली, "सांग, झोपलीय." मी सांगितलं. दहा मिनिटांनी ही बाई चपला घालून खाली गेली आणि शेजारणीला म्हणाली, "मी झोपले नव्हते. बोलायचा कंटाळा आला होता. माझं चुकलं, आणि पोरीला खोटं बोलायला लावलं तेही चुकलं." शेजारीण महिनाभर आमच्याशी बोलली नाही.

"यापेक्षा खोटं परवडलं असतं," मी म्हणाले.

"परवडतं म्हणूनच तर लोक बोलतात," मावशी म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

रुग्णालयाचे व्यवस्थापक आमच्याच मंडळीचे पंच, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, मावशीपेक्षाही म्हातारा माणूस, तिला कधीमधी स्कूटरवरून बसथांब्यापर्यंत सोडायचा. साहेबांनी ते पाहिलं आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, एकट्या बाईने जपून राहावं. लोकांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते." मावशीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून चालत जायला लागली. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. साक्षीचं ओझं नेमकं ज्याचे गुडघे दुखतात त्याच्याच डोक्यावर का देतात, हे मला आजही कळलेलं नाही.

मग एका सोमवारी यंत्रातून ट्रे निघाले आणि पट्ट्या राखाडीच राहिल्या. मावशीने साहेबांना बोलावलं. त्यांनी एक पट्टी उजेडात धरून पाहिली.

"पट्ट्याच जुन्या असतील. वर चार रुग्ण खोळंबलेत. सही करा, दुरुस्तीवाला उद्या येतोय."

"साहेब, काळी नाही झाली."

"माझ्यावर विश्वास नाही का? आपण एका मंडळीतली माणसं."

आणि माझ्या मावशीने सही केली. हे मी गाळलं तर तिला चालणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. सही केली.

त्या दिवशी ती जेवली नाही. ताट वाढून घेतलं, मग तसंच झाकून ठेवलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "साहेबांना बरं वाटावं म्हणून चार माणसांच्या जिवाशी खेळले."

मंगळवारी दुरुस्तीवाला आला नाही. पट्ट्या पुन्हा राखाडी. साहेब पुन्हा खाली आले. या वेळी मावशीने पेन टेबलावर ठेवलं. "आज नाही करणार. आणि कालची सही खोटी होती, हे मी डॉक्टरीणबाईंना सांगायला चाललेय."

"घरचं चव्हाट्यावर आणताय," साहेब म्हणाले.

"घर नाही हे, साहेब. रुग्णालय आहे."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि त्या दिवसाची सगळी ऑपरेशनं थांबवली. सोमवारचे चारही रुग्ण पुन्हा तपासले. तिघं ठीक होती. चौथी नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी. तिचे टाके लाल होऊन सुजायला लागले होते. औषधं वेळेवर सुरू झाली आणि ती वाचली. यंत्र त्याच संध्याकाळी दुरुस्त झालं. म्हणजे माणूस मिळत होता. फक्त बोलवायची कोणाला घाई नव्हती.

मावशी त्या मुलीच्या खाटेजवळ गेली आणि सही आपणच केली होती असं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशी परत आली. "तिने माफ केलं का?" मी विचारलं. "का करावं तिने?" मावशी म्हणाली.

चौकशी झाली. रजिस्टरमध्ये सही मावशीची. साहेब म्हणाले, "मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही." मावशीला धुलाईघरात पाठवलं. साहेबांच्या खुर्चीला धक्कासुद्धा लागला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. शनिवारी चर्चचे पाळक घरी आले. चहा घेत म्हणाले, "साहेबांचं मन दुखावलंय. उद्या प्रभुभोजन आहे. त्याआधी माफी मागून टाका. पवित्रतेचाही गर्व होतो माणसाला."

माझ्या हातात किटली होती; ती मी खाली ठेवली, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. मावशीने शांतपणे विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात का?"

"त्यांचं वय, त्यांचा मान..."

"बरं. मी उद्या माफी मागते."

रविवारी पापकबुलीच्या वेळी ती उभी राहिली. "मी खोटी सही केली. एका पोरीचा जीव धोक्यात घातला. देवापुढे आणि तुमच्यापुढे मी ते कबूल करते. माझ्यासोबत या पापात आणखी कोण होतं ते मी सांगणार नाही. ते त्यांनी सांगावं. मी वाट बघते."

आणि ती उभीच राहिली. लोकांच्या माना हळूहळू पहिल्या बाकाकडे वळल्या. साहेब गीतांचं पुस्तक चाळत होते, कुठलंसं पान सापडत नसल्यासारखे. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. मावशी अख्खं गीत संपेपर्यंत तशीच उभी होती. मग बसली. प्रभुभोजनाची भाकर तिने घेतली. साहेबांनीही घेतली. मी घेतली नाही.

साहेब आजही पंच आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी उपासनेत उभं राहून शुद्ध अंतःकरणावर मनन दिलं. पाऊण तास चाललं. डॉक्टरीणबाईंनी मात्र नियम केला की पट्टी रजिस्टरमध्ये सहीशेजारी चिकटवायची. राखाडी पट्टीशेजारी सही करायची हिंमत आता कोणी करत नाही. मावशी धुलाईघरात आहे. गरम पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असतात.

"तुला राग येत नाही?" मी विचारते.

"येतो ना. चादरी पिळताना फार येतो."

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिने एके ठिकाणी थांबवलं. "सोमवारी साहेब ओरडले असं लिहिलंयस. ते ओरडले नव्हते. खोड."

"त्याने काय फरक पडतो?"

"ते अगदी गोड बोलले होते," मावशी म्हणाली. "ओरडले असते तर मी सही केली नसती."

मी ते वाक्य खोडलं.