टाइल्स लावलेलं भजनघर

पुरानं आमच्या गावचं जुनं भजनघर चिखलानं भरून टाकलं. दुरुस्ती समितीनं मातीच्या भिंतींना पार छतापर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या. अध्यक्ष म्हणत, शहरातल्या सभागृहासारखं झालं. झालंच होतं, तिथल्यासारखं इथंही काही नीट ऐकू येईना. खंजिरीची एक थाप चारी भिंतींवरून परत येई. भजनी बुवा म्हणाले, "असं घुमलं तं मी काही गात नाही." उद्घाटन तर तोंडावर आलं होतं.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव चढेल या आशेवर आमच्या घरी कापूस खोलीत आणि मी ओट्यावर निजत होतो. शेवटी आम्ही काहीजणांनी कापसाची गाठोडी भजनघरात भिंतींना लावून रचली. बुवांनी सहज खंजिरी वाजवली. आवाज पहिल्यासारखा आला.

अध्यक्ष उखडले. "पाहुणे येऊन राह्यले. हा कापूस काढा इथून."

बुवा म्हणाले, "राहू द्या, भाऊ. टाइल्सच दाखवाच्या असन तं पाहुण्यायले तुमच्या न्हाणीत न्या."

कापूस राहिला आणि बुवा मनसोक्त गायले. अध्यक्षांचं भाषणही शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. कापसानं तेवढं एकच नुकसान केलं.