लाथ मारून नमस्कार

आमच्या क्लासला एक भलंमोठं इंग्रजी नाव आहे आणि ते माझ्या काही केल्या लक्षात राहत नाही. शिकवणारी पोरगी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, फार तर सत्तावीस वर्षांची. आम्ही तिला मॅडम म्हणतो आणि ती आम्हाला ओरडते. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की यात पट्टे नाहीत, पांढरा ड्रेस नाही, स्पर्धा नाही. थोडं बॉक्सिंग, थोडं ज्युदो, थोडी आपली कुस्ती, आणि रस्त्यावर जे कामाला येणार नाही ते सगळं काढून टाकलेलं. दहा-बारा गोष्टी, त्याच त्याच पुन्हा करायच्या. मला बरं वाटलं. पन्नाशीनंतर दहा-बारा गोष्टींच्या वर माझ्या डोक्यात काही मावत नाही.

क्लास जळगावात आमच्याच कॉलनीच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. लग्नाची तिथी असली की हॉल वऱ्हाडाला जातो आणि आमचं स्वसंरक्षण त्या दिवशी बंद. मी गेले ती डॉक्टरांनी शुगर वाढली म्हणून दम दिला तेव्हा. माझी धाकटी जाऊ मात्र शौक म्हणून आली नव्हती. तिची नोकरी पणाला लागली होती.

ती भुसावळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, सुरतला असतो. रोज संध्याकाळी ती गाडीने जळगावला उतरायची आणि गोदामांच्या मागच्या गल्लीने चालत घरी यायची. एके दिवशी त्या गल्लीत कुणीतरी तिचं मनगट धरलं. समोरून रिक्षा आली म्हणून तो पळाला. घरी आली तेव्हा मनगटावर बोटं उमटलेली होती, आणि ही बाई मला म्हणते, ताई, कोणाला सांगू नका, नोकरी जाईल. लपणार कसं? तिने भाकरी थापायला बाही वर केली आणि सासूबाईंनी पाहिलं.

आमचे सासरे, आबा, आवाज चढवत नाहीत. जामनेरकडच्या शेतावर आयुष्य गेलं, बोलायची सवयच कमी. त्यांनी एवढंच सांगितलं, की महिनाभर मोठा तिला स्टेशनवरून आणेल, महिना संपला की नोकरी बंद. मोठा म्हणजे माझा नवरा. तो रोज स्टेशनवर जायचा आणि पाऊण तास गाडीची वाट बघत चुरमुरे खायचा. धाकटी रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सहाला माझ्याआधी हॉलच्या दारात उभी.

आता आम्ही सोळा जणी काय शिकलो ते सांगते, हसू नका. मॅडम म्हणाली, कोणी धरलं की आधी ओरडायचं. आम्ही ओरडलो, ‘अहो भाऊ, सोडा ना.’ तिने कपाळावर हात मारला. पण खरा गोंधळ लाथेचा. गुडघा मारायचा, नडगीवर पाय हाणायचा, पायाच्या पंजावर टाच आपटायची, हे सगळं आम्हाला जोडी करून एकमेकींवर हळू करून बघायचं होतं. आणि आपल्याकडे कुणाला पाय लागला की काय करतात? वाकून हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. झालं! एक लाथ, एक नमस्कार. समोरची वयाने मोठी असेल तर दोन नमस्कार. सोळा बायका नुसत्या वाकतायत, हॉलमध्ये हाणामारी चाललीय की पूजा, बघणाऱ्याला कळू नये. मॅडम ओरडायची, की वाकलात की संपलात, तो वरून मान धरेल. आम्ही हो म्हणायचो आणि परत वाकायचो. मी तर एकदा भिंतीवर टेकवलेल्या गादीला लाथ मारून तिच्या पाया पडले. मग दहा मिनिटं क्लास बंद, सगळ्या पोट धरून बसलेल्या.

धाकटी हसायची नाही. तिची नडगी रोज हिरवीनिळी. मनगट अंगठ्याच्या बाजूने फिरवून झटका द्यायचा, हे ती घरी दाराच्या कडीशी, गॅसच्या पाइपशी, माझ्याशी, सगळ्यांशी करायची. मी पोळ्या लाटत असले तरी हात पुढे, ताई, धरा. मी म्हणायचे, बाई, मला स्वयंपाक करू दे, मग तुझा खून करते.

महिना संपला त्या रविवारी दुपारी आबांनी तिला बोलावलं. सासूबाई खाली बसून शेंगा सोलत होत्या, मी दारात. आबा उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, महिनाभर शिकलीस ना, सुटून दाखव, मग बोलू. आमच्या घरात सुनेने सासऱ्यांचा हात कधी धरलेला नाही. पाया पडायचं, तेवढाच काय तो संबंध. समोर आलं की हात आपोआप पदराकडे जातो. आणि आबा सत्तरीचे असले तरी तो बैल आवरलेला हात आहे.

त्यांनी तिचं मनगट धरलं. धाकटी पांढरीफटक. क्षणभर मला वाटलं, ही आता इथेच रडते. मग तिने पदर सोडून दिला, ‘सोडा!’ म्हणून अशी ओरडली की सासूबाईंच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या, टाच आबांच्या पंजावर आपटली, मनगट फिरवलं आणि सुटली. खरंच सुटली हो! मी टाळी वाजवणार इतक्यात बाईसाहेब खाली वाकल्या. सासऱ्यांना पाय लागला होता ना. तिने त्यांच्या पावलाला हात लावला, कपाळाला नेला, आणि आबांनी वरून तेच मनगट पुन्हा पकडलं.

“दख,” आबा म्हणाले. “पुन्हा धरी लिधी.”

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. राग आला, तिचा, आबांचा, त्या नमस्काराचा, सगळ्याचा. एवढा महिना घाम गाळला आणि कशावर घालवला? चांगल्या वळणावर. आबांना आनंद झाला असंही नाही. त्यांनी तिचा हात सोडला आणि सांगितलं, की बाहेरचा माणूस असाच धरेल, तेव्हा आता लॅबला कळवून टाक. धाकटी मान खाली घालून उभी.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश. आबांसमोर येऊन त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि म्हणाल्या, माझा धरा. आबांना वाटलं थट्टा आहे. त्यांनी दोन बोटांनी मनगट धरलं, डॉक्टर नाडी बघतात तसं.

“असा नही,” सासूबाई म्हणाल्या. “जवानीमा मना हात धरेत ना, तसा धरा.”

मी सत्तावीस वर्षं या घरात आहे. आबा पूर्वी तापट होते एवढंच ऐकून होते, घरातल्या बायका ते हसत सांगायच्या, आणि मीही हसत ऐकलेलं. सासूबाई हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. नुसता हात पुढे करून उभ्या होत्या आणि वाट बघत होत्या. आबांची बोटं सुटली. ते सासूबाईंकडे बघेनात, आमच्याकडे बघेनात. टोपी काढली, परत घातली. मग धाकटीशी थेट न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, तिले सांग, नोकरी चालू दे. आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

सासूबाईंनी हात मागे घेतला, बांगड्या सारख्या केल्या आणि सांडलेल्या शेंगा वेचायला बसल्या. धाकटी वेचायला वाकली तर तिला हाताने बाजूला केलं.

“तिले डबा कितला वाजता लागस?” त्यांनी मला विचारलं.

आठला, मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.