बायजाबाईंच्या ओट्यावरचं घरटं

बायजाबाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी घर बघायला आले त्याच दिवशी. बाळकुमला त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, आणि मी शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, एकटी, बिनलग्नाची बाई. येताना नौपाड्यातून एक कढई घेतली होती, ती पिशवीतून डोकावत होती. बायजाबाईंनी मला चहा दिला आणि विचारलं, "एकलीच रेशील ना? मंग येवढी मोठी कढई कनाला?" मी म्हटलं, मला भजी आवडतात. याला बारा वर्षं झाली, पण ते उत्तर त्यांना अजून पटलेलं नाही.

त्यांचं लहानपण मिठागरात गेलं. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चालल्यामुळे त्यांची मान अजूनही ताठ आहे. समोर जिथे बत्तीस मजली टॉवर उभा आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. डोळ्यांदेखत शेताचा टॉवर झालेला ज्या बाईने पाहिला, ती कशावर विश्वास ठेवणार, असं मला कधी कधी वाटतं. पण हे मी मागाहून जोडलेलं शहाणपण. मला विचाराल तर त्या जन्मल्या तेव्हाच सुइणीकडे तिरक्या नजरेने बघत असाव्यात.

घराच्या पुढे अंगण, अंगणात कमरेइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडे धाकट्या दिराचं घर. बायजाबाईंचे यजमान काळुराम आणि हा दीर धाकू या भावांची वाटणी झाली तेव्हा ही भिंत उभी राहिली. चिकूचं झाड नेमकं भिंतीला लागून असल्याने फांद्यांची वाटणी कुणाला करता आली नाही. बायजाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ चांगुणाबाई यांचं मात्र भिंतीने काही बिघडवलं नाही. चाळीस वर्षं भिंतीवरून कालवणाच्या वाट्या ये-जा करत आल्या. चांगुणाबाई घरी मशीनवर ब्लाउज शिवतात. मशीनचा खडखडाट थांबला की बायजाबाई इकडून ओरडतात, "काय ग, दोरा तुटला?"

चिकूवर खारी आहेत. किती आहेत ते कुणालाच माहीत नाही, पण बायजाबाईंच्या हिशेबाने सात, आणि त्यातल्या दोन टॉवरवाल्यांनी मुद्दाम सोडलेल्या. खारींशी त्यांचं युद्ध मी रोज वरून बघते. चिकूंना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, तर खारींनी पिशव्याच फाडल्या. जुन्या सीडी टांगल्या, त्यांच्यावर उड्या मारून खारी खेळू लागल्या. भिंतीवर तिखट पसरलं, ते वाऱ्याने उडून काळुरामशेठच्या डोळ्यांत गेलं, आणि दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. खारींनी वाळत घातलेल्या गादीतला कापूस नेला, इंटरनेटची वायर कुरतडली, पायपुसणीचा काथ्या उपसला. बायजाबाईंचा एक नियम होता. अर्धा खाल्लेला चिकू खारीच्या नावावर, आणि अख्खा गायब झालेला माणसाच्या नावावर. "खार अर्धा खाते. अख्खा नेतो तो मानूस," असं त्या म्हणत.

हा सगळा संशय तोपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखा होता. मग त्यांच्या सुनेचं, संचिताचं, पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं आणि वर्षभराने दुसरं चौथ्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. या वाक्याने बायजाबाईंचं समाधान होणं शक्यच नव्हतं. त्या कुणी दिलेला प्रसाद सुनेच्या हातावरून काढून घेऊ लागल्या. तिची ओढणी दोरीवर राहिली तर संध्याकाळच्या आत उचलायच्या. मुलगा नयन चिडायचा, संचिता हसून सोडून द्यायची. ती कळव्याच्या चाळीतली धीट पोर. गच्चीत केस विंचरून गळालेल्या केसांचा गुंडा ग्रिलमध्ये खोचून ठेवायची, आणि सासूने ओरडलं की म्हणायची, "आई, माझ्या केसांना कोण विचारतंय?"

यंदा तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला. डोहाळजेवण ठरलं. त्या घराची एक रीत आहे. सुनेची पहिली ओटी चांगुणाबाईंनी भरायची, कारण त्यांची पाचही मुलं धडधाकट, त्यांच्या हाताला यश. संचितासाठी हिरव्या खणाचा ब्लाउजही त्यांनीच शिवायला घेतला होता.

मार्चमध्ये माझ्या एसीची सर्व्हिसिंग होती. राजरत्न नावाचा मेकॅनिक आला. बाहेरच्या युनिटमागे हात घालून त्याने खारीचं एक भलंमोठं घरटं ओढून काढलं. रिकामं होतं, खार चाहूल लागताच उडून... म्हणजे पळून गेली होती. "मॅडम, टाकू का खाली?" त्याने विचारलं. मी चहा गाळत होते. म्हटलं, टाक. खाली अंगण आहे, झाडता येईल. एवढाच विचार मी केला.

अर्ध्या तासाने खालून आरडाओरडा झाला. मी धावत उतरले. बायजाबाईंच्या ओट्यावर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, ते घरटं पडलं होतं आणि त्याच्याभोवती घरची सगळी माणसं लांब उभी होती. मला ते घरटं दिसत होतं. त्यांना करणी दिसत होती. आणि नीट बघितलं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. काथ्या, कापूस, त्यात गुंतलेले लांब काळे केस, कुंकू लागलेली दिव्याची वात, लाल दोरा, आणि मधोमध हिरव्या खणाची एक चिंधी. वर त्या दिवशी अमावास्या.

"चिंधी कोनाची हाय ती ठाव हाय मना," बायजाबाई म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलल्या, "माजे सुनेची ओटी भराला येवाचा नाय. त्या हातांचा सावट नको माजे घरान."

पलीकडचं मशीन थांबलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. अहो, हे खारीचं घरटं, माझ्याकडून वरून पडलं, एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. का नाही, ते सांगते, कारण त्याची लाज मला अजून वाटते. क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर आलं की मी तोंड उघडल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळतील. गर्भार सुनेच्या डोक्यावर राहणारी, लग्न न झालेली, मूल नसलेली बाई. अमावास्येला तिच्या खिडकीतून हे खाली आलं. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. जन्मभर विज्ञान शिकवलेली मास्तरीण मी!

आठ दिवस गेले. भिंतीवरून वाटी गेली नाही, आली नाही. बायजाबाईंनी नयनला घरटं चिमट्याने उचलून खाडीत टाकून यायला लावलं, ओटा गोमूत्राने धुतला, उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. चांगुणाबाई अंगणात येत नव्हत्या. खारी मात्र मजेत होत्या, कारण चिकूंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. संचिता एकदा जिन्यात मला म्हणाली, "बाई, काकूंनी शिवलेला ब्लाउज अजून त्यांच्याकडेच आहे. आणायला जाऊ का? आई खवळतील." ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. तिच्या पोटाकडे बघून मला वाटलं, आता हिलाही सवय लागणार, सगळ्यांकडे तिरकं बघायची.

डोहाळजेवणाच्या आदल्या दुपारी मी खाली गेले. बायजाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. एसी, राजरत्न, घरटं, टाक म्हणालेली मी, गप्प राहिलेली मी. चिंधी भिंतीपलीकडे चांगुणाबाईंच्या दारात शिवणाच्या कपट्यांत पडलेली असणार, केस गच्चीतले, वात तुळशीतली. खारीला जे मऊ मिळेल ते ती उचलते.

बायजाबाईंनी मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"वरशी पडला तवा मी हतंच बसलेली. चिकू राखत. माजे डोल्यांनी बगितला. लहानपनापासून खारींची घरटी बगतंय मी, मना नाय कलनार?"

मी विचारलं, "मग ओरडलात का? चांगुणाबाईंना का बोललात?"

त्या तांदूळ एकाच जागी फिरवू लागल्या. मग बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता.

"दोन पोरां गेली, मास्तरीन. डाक्तर बोलतो असाच होतो. असाच कसा होतो? कोनी केला नाय, कोनी नेला नाय, मंग गेली कुठं ती? मना कोनतरी पायजे व्हता ग. त्या घरट्यान ती चिंधी बगितली ना, तवा जरा बरा वाटला. आता सांग, हा कोनाला सांगू?"

मी तांदूळ बाजूला सरकवले. त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, ही मोठीच गोष्ट होती.

संध्याकाळी त्या स्वतः भिंतीपाशी गेल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, खोटं कशाला बोलू. बायजाबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, फार हळू बोलत होत्या. चांगुणाबाईंचं तेवढं ऐकू आलं, "येन मी. संचितासाठी येन."

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव, खुर्च्या, फुलांच्या दागिन्यांत नटलेली संचिता. ओटी भरायचा मान मला नाही, म्हणून मी कडेच्या खुर्चीवर बसले होते. चांगुणाबाई आल्या, हिरवा ब्लाउज संचिताच्या अंगावर नीट बसलाय ना ते बघितलं, हळदीकुंकू लावलं आणि तांदळाच्या सुपाकडे वळल्या. बायजाबाई सुनेच्या मागे उभ्या होत्या. सगळं माहीत असूनही त्यांची नजर जावेच्या हातांवर होती. त्यांच्यावर रागावण्याचा मला काही हक्क नव्हता. घरटं कुठून आलं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी मीसुद्धा त्या हातांकडेच बघत होते.

चांगुणाबाईंनी ते बघितलं. पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोन्ही तळहात उघडून आधी जावेला आणि मग आम्हा सगळ्यांना दाखवले, आणि मग तांदळाची मूठ भरली.