फेसाखालचा साहेब

आमच्या साडूंना गाव 'रेडिओ' म्हणतं. हा रेडिओवर अन्याय आहे. रेडिओ निदान बंद तरी करता येतो. धंदा न्हाव्याचा. दुकानात एक खुर्ची, एक आरसा आणि त्या आरशात दिवसभर हलणारं एकच तोंड. गिऱ्हाईक बिचारं नाकापर्यंत फेसात बुडालेलं. ऐकून घेण्यावाचून करतं काय?

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र साडू दुकान बंद ठेवतात आणि पेटी काखोटीला मारून किनाऱ्याकिनाऱ्याने दीपगृहापर्यंत चालत जातात. तिथल्या रखवालदाराची दाढी आणि केस करायला. जायला दोन तास, यायला दोन. वीस वर्षांचा नेम. रखवालदाराला ते दादा म्हणतात, आणि सख्ख्या भावाशी भांडतात तसं भांडत नाहीत, म्हणजे प्रेम खरंच असावं.

या सोमवारी म्हणाले, "तूही चल."

पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. पहिला तासभर साडू एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं,

"बरं नाही का?"

"शेण खाल्लं रे."

मग एकेक बाहेर आलं. गेल्या खेपेला वस्तरा डोळ्यापाशी नेला तरी दादांची पापणी लवली नाही. दादा हसून म्हणाले, "कळलं ना तुला? जवळजवळ काहीच दिसत नाही. जिना पायांनी मोजतो, काच बोटांनी पुसतो. दिवा एक रात्र चुकलेला नाही. आठ महिन्यांनी निवृत्त होतोय, तोवर कुणाला बोलू नकोस."

साडूंनी शपथ घेतली. ती सतरा दिवस टिकली. हा त्यांच्या घराण्यातला उच्चांक. अठराव्या दिवशी एका नव्या गिऱ्हाइकाला फेस लावता लावता डोळ्यांचा विषय निघाला.

"फेसाखाली सगळी तोंडं सारखीच दिसतात रे! पुसून बघतो तर बंदर कचेरीतला साहेब, दादांच्याच खात्यातला. 'छान सांगता हो तुम्ही,' म्हणाला आणि गेला."

"घरी ताईंना सांगितलंत?"

"ती म्हणाली, आधी दादांना तोंड दाखवून या, मग मला दाखवा."

एरवी मी या किश्श्यावर गडाबडा लोळलो असतो. पण त्याच खुर्चीत बसून दर आठवड्याला 'आणखी काय विशेष?' विचारणारा मीच होतो. मान खाली घालून चालत राहिलो.

दादा दारातच उभे होते. "दोघांची पावलं? आणि तू गप्प कसा? वाचा बसली की काय?"

"साडूला आणलंय," एवढंच उत्तर आलं.

खोली लखलखीत. कप, कंदील, चपला, सगळं जागच्या जागी, हात घातला की सापडेल असं. टेबलावर एक पाकीट होतं.

"वाच रे. परवा आलंय."

साडूंनी वाचलं. गुरुवारी डोळ्यांची तपासणी. तोपर्यंत दिव्याचा ताबा दुसऱ्याकडे. वाचताना त्यांचा आवाज पार विहिरीच्या तळाशी गेला.

"कुणी कळवलं असेल?" दादा म्हणाले. साडूंनी पत्राची घडी घालून ते पाकिटात सरकवलं. "असो. दाढी कर. डॉक्टरापुढे माणसासारखं जायला हवं."

आणि त्यांनी मान मागे टाकून गळा पुढे केला.

साडूंनी फेस लावला, वस्तरा उघडला. वीस वर्षांत पहिल्यांदा कापलं. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली. दादांनी साडूंचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

"तू?"

"हो, दादा."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. दुसरीकडे पाहायची सोयच नव्हती.

शेवटी दादांनी मनगट सोडलं. "अर्धी राहिलीय," ते म्हणाले. "पुरी कर. पण तोंडाने काही बोलू नकोस."

साडूंनी कापलेल्या जागी तुरटी फिरवली. उरलेली दाढी त्यांनी मुकाट्याने केली, मधूनमधून बाहीने डोळे पुसत. दादांनी मान तशीच मागे ठेवली होती.