माझ्या नावाची दहा गणितं

ताई गेली तेव्हा मी आगाशीच्या बाजारात तिच्यासाठी शहाळी निवडत उभा होतो. बायकोचा फोन आला, "अहो, असाल तसे या." घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना होईल. माणसं म्हणतात, सुटली बिचारी. मला मात्र कोणी असं म्हटलं की त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

कुंदाताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या पडवीत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवू लागली. विरारच्या इमारतींतली मुलं बसनं यायची. एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मिस, हे लॉग डोक्यातच जात नाही. पाठ करून टाकू का?" ताई भडकली. "पाठ कसलं करतेस? दोनचा पाचवा घात किती? बत्तीस. आता उलटं विचार. दोनचा कितवा घात केला की बत्तीस येतात?" "पाचवा." "झालं! बत्तीसचा लॉग, पाया दोन, उत्तर पाच. गोष्ट तीच, फक्त विचारायची तऱ्हा बदलली." मग ती पोरगी अशी काही हसली, की आत पेपर वाचता वाचता मलाही हसू आलं.

गेल्या वर्षी ताईला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, दगदग कमी करा. मी शहाणा! दगदग कमी करायची सोडून शिकवणीच बंद केली. फाटकावर कागद लावला, मुलांना परत पाठवलं. ताई फक्त "बरं" म्हणाली. पण रोज पाचच्या सुमारास केस विंचरून, धुतलेली साडी नेसून कॉटवर बसून राहायची... मला दिसत होतं, आणि मी बघत नव्हतो. एका संध्याकाळी तिनं हाक मारली. "दिलीप, तू तरी बस रे समोर. पाचच मिनिटं. लॉग शिकवते तुला." मी म्हटलं, "ताई, साठी उलटली माझी. आता लॉग शिकून कुठे दिवे लावू? तू पड बघू." ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर आठच दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर तिचं कपाट आवरताना एक नवी वही सापडली. पहिल्या पानावर माझं नाव, आणि खाली दहा गणितं. घातांकी रूप लॉगच्या रूपात लिहा. सोपी आधी, अवघड नंतर, प्रत्येकापुढे उत्तराला जागा सोडलेली. धाप लागत असताना तिनं ती माझ्यासाठी काढली होती, आणि मला तिच्यासाठी पाच मिनिटं नव्हती.

मी सगळी सोडवली. आठव्या गणितात आठचा दुसरा घात चौसष्ट आहे, तिथे मी पाया म्हणून आठऐवजी चौसष्ट लिहून बसलो. चूक माझ्या लगेच लक्षात आली, पण मी ती सुधारलेली नाही. चुकीची ओळ दिसली की ताईला राहवत नसे, हातातलं काम टाकून ती धावत यायची. म्हणून वही त्या पानावर उघडी करून तिच्या कॉटवर ठेवली आहे. बायको आवरायला गेली की मी तिला म्हणतो, राहू दे गं, अजून तपासून झालेली नाही.